चार जाळ्या

माझी तक्रार चार जाळ्यांबद्दल आहे. आमच्या इमारतीच्या गच्चीला चार कोपऱ्यांत चार तोंडं आहेत. प्रत्येक तोंडावर बिडाची एक जाळी, आणि जाळीखालून चार इंची पाइप भिंतीच्या कडेने थेट खाली आवारातल्या चेंबरपर्यंत जातो. पावसाचं पाणी उतरवण्याची सगळी व्यवस्था एवढीच. तिला वीज लागत नाही, पंप लागत नाही, वार्षिक देखभालीचं कंत्राट लागत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यात अधूनमधून कोणीतरी वर जायचं, जाळीवरचा कचरा हाताने उचलायचा, पिशवीत भरायचा आणि खाली आणायचा. अर्ध्या तासाचं काम. ते आमच्याकडे होत नाही, आणि होत नाही म्हणून सातव्या मजल्यावरची घरं जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ओली असतात. त्यांतलं एक घर माझं आहे.

मी ही तक्रार केली की मला सांगतात, "काकू, पाऊस आहे, पाणी येणारच." पाण्याने घरात यायचं नाही, म्हणून तर घर बांधतात. पण भावना बाजूला ठेवून आधी हिशेब मांडते, कारण हिशेब कोणी करतच नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमची गच्ची साधारण तीनशे चौरस मीटरची आहे. तासाला ५० मिलिमीटरची सर आली, आणि ठाणे-मुंबईकडे जुलैत ती येतेच, तर त्या तासात गच्चीवर पंधरा हजार लिटर पाणी पडतं. चार इंची पाइप अशा पावसात साधारण ८५ चौरस मीटर गच्चीचं पाणी वाहून नेतो, असं बांधकामाची कोष्टकं सांगतात. तेव्हा तीनशे चौरस मीटरला चार पाइप, हा बांधणाऱ्याचा हिशेब बरोबर आहे. मात्र त्यात एकही पाइप वाढीव नाही.

शिवाय गच्चीचा उतार चार भागांत वाटलेला असतो. प्रत्येक भागाचं पाणी आपापल्या जाळीकडे जातं. एक जाळी तुंबली की तिचं पाणी शेजारच्या जाळीकडे सहज वळत नाही, मधला उंचवटा ओलांडण्याइतकं साठल्यावरच वळतं. तोवर त्या पाऊणशे चौरस मीटरमध्ये तळं झालेलं असतं. दहा सेंटिमीटर खोल तळं म्हणजे साडेसात टन पाणी. ज्या गच्चीवर माणसांचा वावर असतो तिचा स्लॅब आखताना चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वावराचा भार धरतात. त्यातले शंभर किलो हे पाणी एकट्याने घेतं, आणि तेही एका जाळीवर पानं बसली म्हणून.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी कोणाचीच जाळी पुरली नाही आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती, ती क्षमता दुप्पट करा असं १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालात लिहिलं होतं, हा मोठा विषय आहे आणि त्यावर बोलणारी जाणती माणसं आहेत. मी बोलते आहे ते साध्या पावसाबद्दल. जो पाऊस दर वर्षी येतो, ज्याची तारीख सगळ्यांना माहीत असते, आणि जो वाहून न्यायला आमच्या गच्चीवर पुरेसे पाइप आहेत, त्याबद्दल.

जाळीवर काय बसतं ते मी जवळून पाहिलं आहे. पूर्वेकडच्या कोपऱ्यातली जाळी मी गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला स्वतः साफ केली. सगळ्यांत वर देशी बदामाची पानं होती. बदामाचं एक पान सपाट जाळीवर चपखल बसलं की निम्मी भोकं झाकली जातात, आणि पाण्याच्या ओढीने ते आणखी घट्ट चिकटतं. त्याखाली गुलमोहर. गुलमोहर एप्रिल-मेमध्ये फुलतो आणि पाऊस तोंडावर आला की त्याच्या पाकळ्या आणि इवली इवली पानं गच्चीभर पडलेली असतात. भिजली की ती एकमेकांत बसून घोंगडीसारखा थर होतो. तो बोटांनी सोलूनच काढावा लागतो. त्या थरात कबुतरांची पिसं होती, कबुतरांना टाकलेली ज्वारी होती आणि त्यातल्या काही दाण्यांना कोंब आले होते. संक्रांतीचा मांजा होता. केबलवाल्याने कापून टाकलेले वायरीचे तुकडे होते. दुधाच्या पिशव्यांचे कात्रीने कापलेले कोपरे होते, आणि जाळीच्या भोकातून निम्मे आत जाऊन अडकलेले तेच होते. हा सगळा माल काढल्यावर गच्चीवर घोट्याएवढं साचलेलं पाणी आवाज करत खाली गेलं. दुरुस्तीला पैसे लागले नाहीत, कारागीर लागला नाही.

ही जाळी सपाट असू नये, घुमटासारखी उभी असावी. उभ्या जाळीच्या माथ्यावर पान बसलं तरी बाजूच्या फटींतून पाणी जात राहतं. बाजारात ती सहज मिळते. आमच्याकडे मात्र उलटंच झालं. पाणी लवकर जावं म्हणून कोणीतरी दक्षिणेकडची जाळीच काढून कठड्यावर ठेवली. जाळी गेली की जे वर अडत होतं ते पाइपात जाऊन खालच्या बेंडमध्ये अडतं, आणि तिथे हात पोहोचत नाही. त्या पाइपाच्या चौथ्या मजल्यावरच्या सांध्यात पिंपळही उगवला आहे. बी पक्ष्यांनी आणलं, ओल पाइपाने दिली. सोसायटीने त्याच्या फांद्या छाटल्या, मूळ सांध्यात तसंच राहिलं, आणि दर पावसाळ्यात तो आधीपेक्षा जाड होऊन वर येतो.

बेंडमधला बोळा काढायला भर जुलैत प्लंबर बोलावला. वरून बांबूच्या कामट्या जोडून सारल्या, त्या पोहोचल्या नाहीत. मग एक पोरगेला माणूस कमरेला दोरी बांधून ओल्या भिंतीवरून खाली उतरला आणि त्याने पाऊस पडत असताना पाइप कापला. आत टेनिसचा चेंडू होता, भोवती पानांचा लगदा. खाली छत्र्या घेऊन उभे असलेले लोक चेंडू पाहून हसले. मला हसू आलं नाही. मे महिन्यातला अर्धा तास आपण वाचवला आणि तो त्या मुलाच्या जिवावर वाचवला, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

साफसफाई अजिबात होत नाही असं मी म्हणत नाही. ओरडाआरडा झाला की झाडूवाल्याला वर पाठवतात. तो कचरा काढतो आणि जाळीपासून हातभर अंतरावर कठड्याला लावून ढीग करतो, कारण तो खाली कसा आणायचा हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं आणि पिशवीही दिलेली नसते. पुढच्या सरीत ढीग पुन्हा जाळीवर. रस्त्यावरच्या गटारातला गाळ काढून काठावरच ठेवतात आणि तो परत गटारात जातो, त्यावर आमच्या सोसायटीतले सगळे तावातावाने बोलतात. तेच आपल्या डोक्यावर चाललं आहे हे त्यांना दिसत नाही, कारण वर कोणी जातच नाही.

वर जाता येत नाही, हेही खरं. गच्चीच्या दाराला कुलूप आहे. लहान मुलं वर जातात, रात्री कोणी पार्ट्या करतं, म्हणून कुलूप लावलं, आणि ते योग्यच आहे. पण किल्ली एक आहे. ती सेक्रेटरींकडे असते, कधी खजिनदारांकडे, कधी टाक्या धुणाऱ्याकडे राहिलेली असते. रात्री दीड वाजता पाऊस कोसळत असतो, वर पाणी साठतंय हे छतावरच्या आवाजावरूनच कळतं, आणि खाली वॉचमन सांगतो, "ताई, किल्ली साहेबांकडे आहे, साहेब गावाला गेलेत." तो काय करणार? मी काय करणार? घरी येऊन पंख्याखाली बादली ठेवायची.

पंख्याखालीच, कारण पाणी पंख्यातून येतं. स्लॅबमध्ये विजेच्या वायरींसाठी नळ्या पुरलेल्या असतात. स्लॅबमध्ये मुरलेल्या पाण्याला त्या नळ्यांची आयती वाट मिळते, आणि नळी जिथे संपते तिथे, पंख्याच्या वाटीशी, ते बाहेर पडतं. दांड्यावरून ओघळून पात्यांच्या टोकांशी येतं आणि थेंब थेंब गळतं. त्या खोलीतला पंखा आणि दिवा मग पावसाळाभर बंद. वीज गळायला लागली की ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी पडतो आणि घरभर अंधार होतो. तो पडतो हे नशीब. जुन्या इमारतींत कितीतरी घरांत तो बसवलेलाच नसतो, तिथे ओल्या भिंतीवरच्या बटणाला हात लावणाऱ्याची मला काळजी वाटते.

भिंतीचं वेगळं. आधी रंगावर फोड येतात, मग पोपडे सुटतात, मग आतल्या गिलाव्याला लोणा लागतो आणि फडक्याने पुसलं तर पांढरी भुकटी हाताला येते. कपाट भिंतीला लावून ठेवलं असेल तर मागे काळी बुरशी चढते आणि दार उघडल्यावर पैठणीला, शालीला, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याला एकच कुबट वास येतो. माझ्या सासूबाईंना दमा होता. शेवटचे दोन पावसाळे त्या याच खोलीत झोपत. डॉक्टरांनी खोली बदला म्हणून सांगितलं, आम्ही त्यांची खाट हॉलमध्ये आणली, त्यांना ते आवडलं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या खोलीतून उठवावं लागणं हे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात धरत नाहीत.

सगळ्यांत गंभीर जे होतं ते दिसत नाही. पाणी गजापर्यंत पोहोचलं की गज गंजतो, आणि गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं. ते फुगतं आणि खालचं काँक्रीट फोडून काढतं. छताचा तुकडा पडला की लोक म्हणतात, इमारत जुनी झाली. इमारत नुसती वयाने तेवढी जुनी होत नाही, बरीचशी अशा साठलेल्या पाण्याने होते.

यावर सोसायटीचा एकमेव उपाय म्हणजे वॉटरप्रूफिंग. कंत्राटदार येतो, गच्चीवर बुटाची टाच आपटून आवाज ऐकतो, आणि लाखांत आकडा सांगतो. आकड्याला सभेत मंजुरी मिळते, कारण ते काम दिसतं, त्याचं बिल असतं, त्याची दहा वर्षांची हमी असते. जाळी साफ करायला बिल नाही आणि हमी नाही, म्हणून बहुधा कोणाला ते काम वाटत नाही. कंत्राटदार गेल्या खेपेला काम करून गेला तेव्हा त्याने वरून नवा थर चढवला आणि त्या थराने जाळ्या आणखी खोलात गेल्या. तोंडाभोवती वाटा नीट बसवला नाही, त्यामुळे पाणी आता थराच्या आणि पाइपाच्या मधल्या फटीतून आत जातं. हमीपत्रावरचा फोन लागत नाही.

गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जो कोबा असतो तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. म्हणून पाऊस थांबल्यावरही छत कित्येक दिवस ठिपकत राहतं, आणि ठिपकतं तिथेच वर भेग असेल असंही नाही. पाणी कोब्यात शिरतं एका कोपऱ्यात आणि खाली उतरतं दुसऱ्याच खोलीत. हे माहीत असलेला चांगला कारागीर आधी जाळ्या साफ करवतो, तोंडं बंद करून गच्चीत पाणी साठवून बघतो, आणि मगच हातोडा उचलतो. असे कारागीर आहेत. त्यांना उन्हाळ्यात बोलवावं लागतं. आम्ही बोलावतो ऑगस्टमध्ये, ओल्या गच्चीवर, ताडपत्रीखाली.

ऑगस्टच का, याचं उत्तर मला सापडलं आहे. सहकार कायद्याप्रमाणे सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. आमची ती ऑगस्ट-सप्टेंबरात होते, बहुतेकांची तेव्हाच होते. गळतीचा विषय त्या सभेत येतो, तावातावाने बोलणं होतं, "पुढच्या वर्षी वेळेवर करू" असं इतिवृत्तात लिहिलं जातं. मग पाऊस जातो. दिवाळी येते. वरच्या मजल्यावरची माणसं भिंत पुरती वाळायच्या आत रंग काढतात, कारण पाहुणे येणार असतात. मार्चमध्ये हिशेब, एप्रिलमध्ये ऑडिट, मेमध्ये अर्धी समिती गावाला. जाळ्या साफ करायचा महिना नेमका तो, ज्यात सभा नसते, समिती नसते आणि गळतीची आठवणही नसते.

सभेत मला एक वाक्य दर वेळी ऐकावं लागतं. "टॉप फ्लोअर घेताना माहीत नव्हतं का?" हे म्हणणारी माणसं वाईट नाहीत. माझ्या आजारपणात डबे पोहोचवणारी हीच आहेत. पण गच्ची सगळ्यांची आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. तिच्यात गच्ची आणि कठडे आहेत, पावसाच्या पाण्याची गळती आहे, आणि गच्चीतून गळून वरच्या मजल्यावरच्या घरांचं छत व गिलावा खराब झाला तर तोही आहे. दुरुस्ती निधीसाठी प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के घ्यायचे असतात, ते यासाठीच. मी मेहरबानी मागत नाही.

आणि हा त्रास वरच्यांचाच आहे असंही नाही. आमच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना पावसाच्या पाण्याचे दोन पाइप सांडपाण्याच्या लाइनला जोडून टाकले, वेगळा चर खणायचा खर्च वाचला म्हणून. सांडपाण्याची लाइन पावसासाठी बनवलेली नसते. जोराची सर आली की चेंबर भरतो आणि तळमजल्यावरच्या न्हाणीघरात जमिनीच्या जाळीतून मैलापाणी उलटं वर येतं. बाहेरचा रस्ता दर डांबरीकरणाला उंच झाला आहे, आवार आता त्याच्या खाली आहे, म्हणून चेंबरचं पाणी बाहेरही जात नाही. तळमजल्यावरच्या आजी दाराच्या उंबऱ्याशी गोणपाटं लावून बसतात. वरच्या घरात स्वच्छ पाणी गळतं, त्यांच्याकडे मैला येतो, आणि त्या सभेत एक शब्द बोलत नाहीत. त्यांच्या वतीने मी बोलते.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, कौलारू घर. तिथे मेमध्ये शाकारणी व्हायची. फुटकी कौलं बदलायची, वळचणीतला पालापाचोळा काढायचा, पोफळीचं खोड उभं चिरून केलेल्या पन्हळी उतरवून धुवायच्या आणि उतार बघून पुन्हा टांगायच्या, घराभोवतीचा चर उपसायचा. मृग साधारण ७-८ जूनला लागतो, त्याच्या आत हे सगळं झालंच पाहिजे. गडी मिळाला नाही तर वडील स्वतः शिडी लावत. त्या घरात ओलही होती आणि वाळवीही होती, झड आली की ओटी भिजायचीच. ते घर मला परत नको आहे. तिथे कामाला तारीख होती, ती मला इथे हवी आहे.

म्हणून मी समितीला लेखी अर्ज दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चारही जाळ्या, चारही पाइप आणि खालचे चेंबर साफ करायचे, आणि त्या दिवशी समितीतल्या एकाने स्वतः वर हजर राहायचं. प्रत्येक पाइपात वरून दोन बादल्या पाणी ओतायचं आणि ते चेंबरमध्ये पडताना खाली उभ्या असलेल्या माणसाने बघायचं. पावसाळ्यात दर रविवारी पुन्हा, आणि काढलेला कचरा पिशवीतून खाली. सपाट जाळ्या काढून उभ्या जाळ्या बसवायच्या. पिंपळ मुळासकट काढून तो सांधा बदलायचा. पावसाचे दोन पाइप सांडपाण्यातून तोडून वेगळे करायचे, हे काम खर्चाचं आहे, त्यासाठी दुरुस्ती निधीतून पैसे काढायचे. गच्चीच्या किल्लीची दुसरी प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायची, आणि ती कोणी, किती वाजता नेली याची वही शेजारी. झाडूवाल्याला या कामाचे वेगळे पैसे द्यायचे, कारण ते त्याच्या पगारातलं काम नाही.

वरच्या मजल्यावरच्या इतर घरांनीही अर्जावर सह्या केल्या आहेत, आणि तळमजल्यावरच्या आजींनी. समितीची बैठक महिनाअखेरीला आहे. विषयपत्रिकेत हा विषय पार्किंगच्या नंतर घातला आहे, आणि पार्किंगचा विषय निघाला की बैठक तिथेच संपते. जाळ्यांचा विषय पहिला घ्यावा, असं मी आज सेक्रेटरींना पुन्हा लेखी कळवलं आहे.